रानपिंगळा: जंगल उरलंय, पण ढोल्या किती उरल्या?

सालईची_सावली

रानपिंगळा म्हणजेच वनपिंगळा, एक छोटं घुबड, शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी (जुन्या पुस्तकांत हेटेरोग्लॉक्स). आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. तेव्हापासून 'पक्षी वाढले' असं सर्रास ऐकू येतं. तसं झालेलं नाही. वाढल्या त्या जागा, आणि त्याही शोध घेतला म्हणून. सातपुडा आणि मेळघाट माहीत होतेच. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात तो सापडला, मग गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात. तरीही प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ च्या आतच आहे. पृथ्वीच्या पाठीवर मध्य आणि पश्चिम भारताबाहेर तो कुठेही नाही.

धागा काढण्याचं कारण असं की याच्यावरचं लिखाण बहुतेक वेळा 'अधिवास नष्ट होतोय' या तीन शब्दांवर संपतं. अधिवास म्हणजे नेमकं काय, त्यातलं काय नष्ट होतं, कोणाच्या हातून होतं आणि कुठे थांबवता येतं, एवढंच इथे लिहूया. पक्षी दिसल्याचा आनंद साजरा करायला दुसरे धागे आहेत.

पानगळ

आधी ओळख पक्की करू. निम्म्या नोंदी इथेच गळतात.

आकारावर जाऊ नका. साधा ठिपकेवाला पिंगळा २१ सेंमीच्या आसपास, हा २३. झाडावर हा फरक कळत नाही. पाहायचं ते असं:

डोकं आणि पाठ. ठिपकेवाल्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. याचं डोकं राखाडी-तपकिरी, ठिपके इतके बारीक आणि फिके की नसल्यासारखेच. ठिपकेवाल्याच्या मानेमागे पांढुरका पट्टा असतो, याला तो जवळपास नाहीच.

छाती. गळ्याचा पांढरा भाग संपला की खाली तपकिरी रंग जवळजवळ सलग येतो, बंडी घातल्यासारखा. त्याखाली कुशीवर तपकिरी पट्टे आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. समोरून बसलेला मिळाला तर ही एकच खूण पुरे.

पंख आणि शेपटी. रुंद, स्पष्ट पांढरे पट्टे. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला मनगटाशी गडद डाग दिसतो.

पाय. बोटांपर्यंत पांढऱ्या दाट पिसांनी झाकलेले, पायजमा घातल्यासारखे. चोच आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं.

शेपटीची सवयही लक्षात ठेवा. हा बसल्याजागी शेपटी झटक्यात डावी-उजवीकडे हलवतो. ठिपकेवाला खाली-वर डुलतो, मान वाकवून बघतो.

जंगली पिंगळा मात्र वेगळाच. त्याचं डोकं, पाठ, पोट, सगळीकडे बारीक आडव्या रेघा. त्याच्याशी घोळ व्हायला नको.

घोळ होतो तो ठिपकेवाल्याच्या पिल्लांशी आणि झिजलेल्या पिसांच्या पक्ष्यांशी, कारण तेव्हा डोक्यावरचे ठिपके पुसट असतात. म्हणून फक्त डोक्याचा फोटो दाखवून रानपिंगळा ठरवू नये. छाती आणि पोट दिसलंच पाहिजे.

दुर्बीण_आठ_बेचाळीस

शेवटचं वाक्य प्रत्येक गटाच्या वर चिकटवून ठेवावं असं. एक शंका: संध्याकाळी सातनंतरच्या नोंदी कितपत धराव्यात?

पानगळ

संशयानेच. हा दिवसा वावरणारा पक्षी आहे. हिवाळ्यात सकाळी निष्पर्ण फांदीच्या टोकाला उन्हात बसतो आणि भर दिवसा शिकार करतो. अंधारात विजेच्या तारेवर बसलेला पिंगळा दिसला तर तो ठिपकेवालाच, असं धरून चाला. चुकलात तर आनंदच आहे.

शहादा_रस्ता

इतिहास थोडक्यात लिहितो, कारण अधिवासाचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

पहिला नमुना १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळवला. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ब्लेविट यांचंच नाव दिलं. पुढचे काही नमुने जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोदा पट्ट्यात गोळा केले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा.

मग मधेच १९१४ चा एक नमुना, गुजरातेतल्या मांडवीचा, पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागन यांच्या नावावर. तो बनावट होता. संग्रहालयातून चोरलेलं डेव्हिडसन यांचंच कातडं पुन्हा भरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघड केली. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं शोधत गेल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ पक्षी दिसला. ११३ वर्षांनी.

आता मुद्दा. डेव्हिडसन यांच्या काळी तापीच्या काठची सपाट जमीनही जंगलात होती. आज ती ऊस, कापूस आणि केळीत आहे. पक्षी मिळतो तो डोंगर सुरू होतो तिथून. म्हणजे 'हा डोंगरातला पक्षी' हे त्याच्या आवडीवरून ठरलेलं नाही, आपण त्याला काय शिल्लक ठेवलं त्यावरून ठरलंय.

ढोलीकर

शहादा_रस्ता यांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा. तोच धागा ढोलीपर्यंत नेतो.

रानपिंगळ्याला दोन गोष्टी एकाच जागी लागतात. अंडी घालायला जुन्या झाडातली ढोली, आणि शिकारीला मोकळी जमीन. भक्ष्यात सुमारे ६० टक्के सरडे, पाली, सापसुरळ्या. उंदीर १५ टक्क्यांच्या आसपास, पक्षी जेमतेम २ टक्के, उरलेले किडे आणि बेडूक. बसायचं, खाली बघायचं, झेप घालायची, अशी पद्धत. खाली घाणेरीचं रान माजलं असेल तर सापसुरळी असूनही उपयोग नाही, ती दिसायला हवी.

आता ढोली. पिंगळा स्वतः भोक पाडत नाही. सुतारपक्ष्याने टोकरलेली किंवा फांदी मोडून आत पाणी आणि बुरशी शिरून झालेली तयार पोकळी घेतो. नोंदलेली घरटी बहुधा जमिनीपासून ५ ते ८ मीटरवर. रोहन, मोई, ऐन अशा झाडांत. सागात ढोली व्हायला फार काळ लागतो, कारण सागाचा गाभा सहजी कुजत नाही. मोई, सालई, सावर ही मऊ लाकडाची झाडं लवकर पोकळ होतात. बाजारभावाने बघितलं तर हीच झाडं 'आडजात', म्हणजे आधी काढायची.

ढोली जाते कशी? एक, दुरुस्ती तोडीत, म्हणजे रान सुधारायच्या नावाने होणाऱ्या तोडीत, वाळकं, वाकडं, पोकळ झाड आधी मार्क होतं, कारण ते 'निकामी'. दोन, सरपण. ओलं झाड तोडणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून वाळकं नेलं जातं. काही ठिकाणी बुडाशी साल गोल खरवडून झाड आधी वाळवतात आणि दोन वर्षांनी 'वाळकं' म्हणून नेतात. तीन, वणवा. चार, तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून फुटवे येतात. दहा वर्षांत तिथे मनगटाएवढ्या काठ्यांचं दाट रान उभं राहतं. उपग्रहाला ते हिरवं दिसतं, पिंगळ्याला तिथे काहीच नाही.

वनसर्वेक्षणाच्या वर्गवारीत ७० टक्क्यांवर जमीन झाडांच्या छत्राखाली असेल तर अति घनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० खुलं जंगल. आकड्यात 'खुलं' म्हटलं की ते बिघडलेलं समजून तिथे चर खोदून रोपं लावायची घाई होते. रानपिंगळ्याचं उत्तम रान बरेचदा याच वर्गात बसतं: लांब लांब उभी जुनी झाडं आणि मधे उघडी जमीन.

कूप_क्रमांक_नऊ

बाकी सगळं मान्य, पण 'तोडीमुळे गेलं' हे सरसकट नको. संरक्षित क्षेत्रात तोड बंदच आहे, तरी तिथेही ढोल्या कमी होतात. आणि कार्य आयोजनेत, म्हणजे वनविभागाच्या कामाच्या आराखड्यात, ढोलीची झाडं राखायची तरतूद लिहून घेता येते, मग मार्किंग करणाऱ्याला ती पाळावी लागते. अडचण अशी की 'ढोलीची झाडे राखावीत' एवढंच लिहिलं तर कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, उभ्या माणसाला काय राखायचं ते कळत नाही. मोजमाप द्या.

सुचवतो:

छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर १२० सेंमीपेक्षा जास्त आणि ३ मीटरच्या वर कुठेही मुठीएवढं भोक असलेलं झाड, जिवंत असो वा वाळकं, तोडायचं नाही. हेक्टरी अशी निदान पाच. पाच नसतील तर सर्वांत जाड मोई, रोहन, सालई, सावर, ऐन यांतून पाच पुरी करायची. ती उद्याची ढोली. राखलेल्या झाडाच्या २० मीटरांत बसायला दोन-तीन मध्यम झाडं सोडायची, ढोलीचं झाड एकटं उभं ठेवून उपयोग नाही. रंगाचा पट्टा तोडीच्या खुणेपेक्षा वेगळा आणि उंचावर, नाहीतर मजूर तोच तोडायचा पट्टा समजतो. हे प्रत्यक्षात घडतं.

पाच हा आकडा माझा अंदाज आहे. वाद घाला, पण आकडा असू द्या.

ढोलीकर

पाचला हरकत नाही. एक भर: एकाच ओळीत पाच नकोत, विखुरलेली हवीत. ढोलीसाठी पोपट, साळुंक्या, खारी आणि खुद्द ठिपकेवाला पिंगळा रांगेत असतात. रान विरळ होऊन शेताला लागलं की ठिपकेवाला आत सरकतो. घोरपड आणि उदमांजर एक ढोली सापडली की शेजारचीही तपासतात.

जाळरेषा

वणव्याचा मुद्दा ढोलीकरांनी एका शब्दात उरकला, म्हणून लांब लिहितो.

वेळापत्रक जुळवून बघा. जोड्यांची लगबग आणि अंडी मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत. बहुधा दोन अंडी. पिल्लं ३०-३२ दिवसांची झाली की ढोलीबाहेर येतात आणि नंतरही काही आठवडे आईबापांच्या जिवावर असतात. म्हणजे मार्च-एप्रिल. याच वेळी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रान पेटवतात. आग बहुतेक वेळा गुडघ्याएवढी, जमिनीवरून सरकणारी. हिरवी झाडं तगतात. ढोलीचं झाड तगत नाही.

कारण ढोलीची बरीच झाडं बुडाशीही पोकळ असतात. जुन्या आगींनी खोडाला पडलेलं खिंडार असतं, त्यात वाऱ्याने पाला साठतो. ठिणगी पडली की खालून हवा आत, वर ढोलीतून धूर बाहेर. सरळ धुराडं होतं. बाहेरून साल धड दिसते आणि आतून झाड दोन-तीन दिवस धुमसत राहतं. आग 'विझली' म्हणून माणसं परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते कोसळतं.

उपाय साधा, माणशी दिवसाला आठ-दहा झाडं होतात:

१. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. जानेवारीनंतर ढोलीच्या झाडाशी खटपट नको.

२. खोडाभोवती दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ मातीपर्यंत साफ करा. पाला ओढून दूर पसरवा, तिथेच ढीग घालून जाळू नका.

३. खोडाला टेकलेले ओंडके चार-पाच मीटर बाजूला सरकवा. उचलून नेऊ नका, त्याखाली सापसुरळ्या राहतात.

४. बुडाच्या पोकळीतला पाला हाताने नव्हे, काठीने काढा. आत साप, विंचू, कधी घोरपड असते. आत कोणी नाही याची खात्री झाली की खालचं तोंड दगड आणि ओल्या मातीने बंद करा. वरच्या ढोलीला हात लावायचा नाही.

५. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लांबूनच बघा, वर्तुळात पुन्हा पाला साठलेला असतो. सागाची पानगळ तेव्हा चालूच असते. झाडावर हालचाल असेल तर झाडू घेऊन जवळ जाऊ नका, तेवढं झाड सोडून द्या.

मोहाखाली जाळण्याऐवजी जाळी किंवा जुनं कापड अंथरलं तर फुलं स्वच्छ मिळतात, वेचायची मेहनतही वाचते. 'जाळू नका' यापेक्षा हे लवकर पटतं.

पाड्यावरून

धाग्यात 'सरपण', 'वणवा' आलं, आता कोणीतरी 'अतिक्रमण' लिहील, म्हणून आधीच लिहितो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागात वनहक्काचे दावे हा वेगळा कायदेशीर विषय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा मान्य होतो, कमाल ४ हेक्टर. त्याला अतिक्रमण म्हणणं चूक. त्यानंतर नव्याने फोडलेली जमीन हा निराळा मुद्दा. दोन्हींची मोट बांधली की गावं बोलायचीच बंद होतात आणि पिंगळ्याचं काम तिथेच थांबतं.

उलट त्याच कायद्याची बाजू वापरा. कलम ५ मध्ये वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार ग्रामसभेला आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाची व्यवस्थापन समिती असते, तिच्या आराखड्यात कूप_क्रमांक_नऊ यांचं मोजमाप जसंच्या तसं टाका. कलम ३(२) खाली शाळा, रस्ता, तलाव अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन देता येते आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं तोडता येतात. कोणती ७५, हे ग्रामसभेच्या शिफारशीच्या वेळीच ठरवता येतं. जागा ठरण्याआधी ढोल्यांची यादी तयार हवी. नंतरची यादी म्हणजे पंचनामा.

कूप_क्रमांक_नऊ

शेवटचं वाक्य एक नंबर. आणि अतिक्रमणाबाबतचा मुद्दा मान्य.

रानवाट_०७

कृत्रिम घरटी लावली तर? फळीची पेटी सोपी असते.

ढोलीकर

सोपी आहे म्हणूनच सगळे तिकडे वळतात. ढोली राखण्याला ती पर्याय नाही. झाडं गेलेल्या जागी पेटी लावली तर बसायला फांदी नाही, खाली शिकार नाही, आणि पहिल्या महिन्यात साळुंकी आत.

तरी जिथे मोकळी जमीन आणि उभी झाडं आहेत, फक्त ढोल्या नाहीत, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीने करायचं असेल तर: २ सेंमी जाड फळी, आतला तळ २० × २० सेंमी, उंची ४० सेंमी, भोक ७ सेंमी आणि तळापासून २५ सेंमी वर. तळाला ६ मिमीची चार भोकं, पाणी निघायला. छप्पर पुढे ८ सेंमी बाहेर, कललेलं. आत ५ सेंमी कोरडा लाकडाचा भुसा, कारण घुबडं काड्या आणत नाहीत आणि नुसत्या फळीवर अंडी घरंगळतात. प्लायवूड नको, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आतून रंग नको. उंची ५ ते ६ मीटर, तोंड पश्चिमेला नको, मार्चच्या उन्हात पेटी तापते. खिळा ठोकू नका, तारेवर रबरी नळी चढवून बांधा आणि दरवर्षी सैल करा.

पहाट_पाच

गणतीची पद्धत कोणी लिहिली नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पानं झडू लागलेली असतात, पक्षी उघड्यावर बसतो. सूर्योदयापासून १० पर्यंत आणि दुपारी ४ नंतर. थांबे एकमेकांपासून निदान ५०० मीटरवर, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजला जातो. प्रत्येक थांब्यावर पहिली तीन मिनिटं गप्प उभं राहायचं. कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी एका झाडाभोवती कलकलाट करत असतील तर आधी तिथे बघा.

पक्ष्याच्या हाकेची ध्वनिफीत वाजवणं फक्त परवानगीच्या सर्वेक्षणात. ३० सेकंद वाजवा, पाच मिनिटं थांबा, फार तर आणखी एकदा. उत्तर आलं की त्या क्षणी बंद. नर उत्तर द्यायला येतो तो भांडायला येतो. अंड्यांवर मादी असते तेव्हा तिला तोच खाऊ घालतो, त्यामुळे तुमच्या फितीशी भांडण्यात गेलेला वेळ तिच्या पोटातून जातो. ढोली माहीत असेल तिथे फीत वाजवायचीच नाही.

शून्य नोंदही लिहा. 'या थांब्यावर नाही' ही माहिती पुढच्या तुलनेसाठी 'दिसला' इतकीच कामाची. आणि तोच माणूस, तोच थांबा, तोच महिना. दर वर्षी नवी चमू नव्या वाटेने गेली तर आकडा बदलतो तो माणसांचा.

दुर्बीण_आठ_बेचाळीस

शेताच्या कडेच्या रानाबद्दल: उंदरांचं विष?

पानगळ

हो, आणि त्यात फरक आहे. झिंक फॉस्फाइडने उंदीर लवकर मरतो, शरीरात ते फारसं साठत नाही. पण पोटात न पचलेलं आमिष असतं, म्हणून मेलेले उंदीर पुरायलाच हवेत. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवस जगतो, सुस्त होतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो, आणि विष यकृतात साठलेलं असतं. दिवसा शिकार करणाऱ्या घुबडाला यापेक्षा सोपं भक्ष्य नाही. रानाला लागून असलेल्या बांधावर सापळेच लावा. विष घालावंच लागलं तर बिळात आत घालून तोंड बुजवा, उघड्यावर वड्या टाकू नका.

सालईची_सावली

छान माहिती जमली. ठिकाणांबद्दल एक विनंती. घरट्याचं ठिकाण इथे किंवा कुठेच टाकू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण 'अस्पष्ट' ठेवायची सोय आहे, खरी जागा साधारण २० किमीच्या चौकोनात लपते. फोटोबरोबर जाणारी जीपीएसची माहितीही आधी काढा. पक्षी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २(१६) मधल्या 'शिकारी'च्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं छेडणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ साठी शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार रुपये. ढोलीत मोबाइल घालून फोटो काढणाऱ्यालाही हे लागू आहे.

ढोल्यांच्या यादीचा नमुना कोणी देईल का? पाड्यावरून यांनी म्हटलंय तशी, ग्रामसभेपुढे ठेवता येईल अशी.

पाड्यावरून

एक कागद, आडवा. रकाने: अनुक्रमांक, झाडाचं नाव (गावात म्हणतात ते), जिवंत की वाळकं, १.३७ मीटरवरचा घेर; ढोल्या किती आणि सर्वांत खालची किती उंचीवर; तोंड कोणत्या दिशेला; बुडाशी पोकळ आहे की नाही; खालची जमीन मोकळी, गवताची की घाणेरीची; कक्ष (वनविभागाचा जंगलाचा तुकडा) क्रमांक; तारीख; पाहणाऱ्याची सही.

'कोणता पक्षी राहतो' हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. यादी चावडीवर लागते, दिवाळीच्या आधी घुबडं पकडणारेही ती वाचतात. आणि पिंगळा नसलेली ढोलीही राखायचीच आहे.

कूप_क्रमांक_नऊ

'फोटो क्रमांक' वाढवा, खोडाचा, ढोलीचा नाही. दोन वर्षांनी झाड जागेवर नसेल तर बुंधा ओळखायला लागतो.